बदली मागू का? रत्नागिरीत एकट्या राहणाऱ्या तरुणीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "वय २६, गाव लातूर. जानेवारीत मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत रुजू झाले. कुवारबावला वन बीएचके भाड्याने घेतलाय, एकटीच राहते. ऑफिसातली माणसं वाईट नाहीत, पण सहा वाजले की जो तो आपल्या घरी. शुक्रवारी रात्री स्लीपर बस धरून पुण्याला मैत्रिणींकडे जाते, सोमवारी सकाळी परत. नाही गेले तर दोन दिवस कुणाशी बोलणंच होत नाही. पावसात तर बाहेरही पडवत नाही. माझ्यातच काही कमी आहे का? बदलीचा अर्ज करू का? आणि गावची स्कूटी इकडे आणू का?"

आधी "माझ्यातच काही कमी आहे का" याबद्दल. नाही. मी रत्नागिरीत बरीच वर्षं समुपदेशन करते आहे. नोकरीसाठी बाहेरून आलेली पंचविशीतली मुलं-मुली माझ्याकडे येतात, तेव्हा त्यातली निम्मी तरी हेच वाक्य बोलतात. कारण स्वतःत शोधायच्या आधी तुम्ही ज्या जिल्ह्यात आला आहात त्याच्याकडे एकदा बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, उलट घटली. सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष गेले कुठे? मुंबईला. गिरण्या होत्या तेव्हा गिरणीत, नंतर मिळेल त्या नोकरीत. आता मुलीही जातात, शिक्षणाला म्हणून पुण्याला, आणि तिथेच राहतात.

शहर म्हणाल तर २०११ साली नगरपरिषदेच्या हद्दीत ७६ हजार माणसं होती. त्यात पंचविशीतली, एकटी राहणारी, संध्याकाळी मोकळी असलेली किती असणार? पुण्यात मैत्रिणी मिळाल्या त्या तुम्ही तिथे वेगळ्या होतात म्हणून नाही. तिथे तुमच्यासारखीच घर सोडून आलेली मुलं प्रत्येक पीजीत, प्रत्येक टपरीवर होती. इथे त्या वयाची मुलं ज्या घरांतून बाहेर पडली, त्या घरांत आता त्यांचे आईवडील आहेत. पन्नाशी-साठीचे, तब्येतीने ठणठणीत, आणि संध्याकाळी त्यांनाही घर रिकामंच वाटतं.

म्हणून माझं मुख्य सांगणं एवढंच, की इथे मैत्री वय सोडून शोधावी लागते. आणि ती "भेटूया कधीतरी" म्हणून होत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, वारंवार दिसण्याने होते. बाकी सगळं याच दोन गोष्टींचा तपशील आहे.

जयगडकडच्या एका प्रकल्पात नोकरीला असलेला विदर्भातला एक मुलगा माझ्याकडे येत असे. त्याला समवयस्क ग्रुप हवा होता आणि तो मिळत नव्हता. शेवटी तो सकाळी सहाच्या बॅडमिंटनला जाऊ लागला, कारण तेवढीच वेळ त्याच्या शिफ्टमध्ये बसत होती. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक, एक औषधविक्रेते, एक वकीलबाई आणि बारावीचा एक मुलगा. सुरुवातीला तो मला म्हणाला, "मॅडम, हे काय मित्र आहेत का?" पावसाळ्यात त्याला ताप आला आणि दोन दिवस तो दिसला नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी औषधविक्रेते त्याची खोली शोधत गेले. रक्ताची तपासणी त्यांनी करून आणली, पेज वकीलबाईंच्या घरून आली. तो "मित्र" हा शब्द वापरू लागला तो त्यानंतर.

आता शनिवार-रविवार. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट ही आहे, पाऊस किंवा एकटेपणा नाही. शुक्रवारी रात्री तुम्ही निघता, आंबा घाट चढता, सोमवारी झोप न झालेल्या अवस्थेत थेट कामावर. म्हणजे या गावात तुम्ही फक्त कामाच्या दिवशी असता. आणि अशा गावात जे काही घडतं ते शनिवार-रविवारीच घडतं: कुणाच्या मुलाची मुंज, वाचनालयातलं व्याख्यान, नाटकाचा प्रयोग, शेजारच्यांचं गावाला जाणं. ऑफिसातल्या ताईंनी तुम्हाला एकदा-दोनदा विचारलंही असेल, "रविवारी काय करतेस?" तुम्ही "पुण्याला" म्हणालात आणि त्यांनी विचारणं सोडलं. इथली माणसं नकार मनाला लावून घेतात असं नाही, पण दुसऱ्याला अडचणीत टाकायला नको म्हणून पुन्हा विचारत नाहीत. पुढचे तीन महिने पुण्याची फेरी महिन्यातून एकदाच करा. पहिले दोन रविवार अंगावर येतील, हे आधीच सांगून ठेवते. त्या दोन रविवारांवरून निर्णय घेऊ नका.

मग त्या दिवशी करायचं काय? समुद्रावर जा, असं सगळे सांगतील. भाट्ये, मांडवी, आरे-वारे सुंदरच आहेत, पण एकटीने समुद्र बघून ओळखी होत नाहीत, आणि तुमच्या सध्याच्या मनःस्थितीत एकटीने तासन् तास पाण्याकडे बघत बसणं मला पसंतही नाही. सोबत असेल तेव्हा जरूर जा. पावसाळ्यात पाण्यात मात्र पाय घालू नका. गणपतीपुळे, आरे-वारे या किनाऱ्यांवर बाहेरून आलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, कारण वरून शांत दिसणाऱ्या पाण्याची ओढ त्यांना कळत नाही.

त्यापेक्षा एक काम धरा. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. आजच सभासद व्हा आणि पुस्तक बदलायला दर आठवड्याला त्याच दिवशी जा. काउंटरवरच्या माणसाला तिसऱ्या खेपेला तुमचं नाव पाठ होतं, चौथ्या खेपेला तो तुमच्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवतो.

दुसरं, आणि माझ्या मते याहून मोठं, म्हणजे नाटक. रत्नागिरी नाटकवेडी आहे. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी इथे होते, संगीत नाटकाला अजून प्रेक्षक आहे, खल्वायनसारखी संस्था संगीत नाटकं बसवते. हौशी स्पर्धेच्या तालमी गणपती झाले की रंगात येतात. तुम्ही म्हणाल, मला अभिनय कुठे येतो? येण्याची गरजच नाही. अशा मंडळात पडद्यामागे माणसं कायम कमी असतात. संहिता हातात धरून प्रॉम्प्टिंगला बसायला कुणी हवं असतं, कपड्यांची यादी ठेवायला कुणी हवं असतं, प्रयोगाच्या दिवशी विंगेत टॉर्च घेऊन उभं राहायला हवं असतं. रात्री साडेआठला तालीम सुरू होते. कुणी शिक्षक, कुणी एसटीतले, कुणी दुकान बंद करून आलेले. पहिल्या अंकातलं तेच पान सहाव्यांदा चालू असतं, कुणीतरी थर्मासातून चहा ओततं, आणि कागदी कप हातात देताना विचारतं, "तुम्ही राहता कुठे? परत कशा जाणार?" सोडायला कोण येणार हे त्या दिवशी ठरतं ते पुढे दोन महिने तसंच चालतं. दोन महिने आठवड्यातून चार रात्री एकाच लोकांबरोबर काम केल्यावर ओळख वाढवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. ऑफिसात एकाला तरी माहीत असेलच कोण नाटक बसवतंय, सरळ विचारा.

जेवणाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज असा की डबा खोलीवर येतो आणि मोबाईल समोर ठेवून जेवता. तो रात्रीचा डबा बंद करा. घरगुती खानावळ शोधा, जिथे बसून जेवता येतं, आणि रोज साधारण एकाच वेळी जा. वर्षानुवर्षं बघते आहे, एकटं राहणाऱ्याला सांभाळणारी या गावातली सर्वांत भक्कम जागा खानावळच. चालवणाऱ्या काकूंना कळतं कोण आज आलं नाही, कुणाने भात टाकला. मासे खात नसाल तर अडत नाही. कुळथाची पिठी, अळूचं फतफतं, उन्हाळ्यात फणसाची भाजी, वर सोलकढी; शाकाहारी खानावळी गावात पुष्कळ आहेत. आणि खात असाल तर एक गोष्ट कळेल: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे तुम्ही जे दोन महिने घरात बसून काढलेत त्यात इथलं जेवणही वेगळंच असतं. आता नारळी पौर्णिमेनंतर मिरकरवाड्याच्या बंदरावर पुन्हा गजबज सुरू होईल.

पावसाबद्दल दोन शब्द तुमच्या बाजूने. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथून तुम्ही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात आलात. हा साधा बदल नाही. आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, उशीला वास येतो, चपलेवर पांढरी बुरशी चढते, वीज जाते. अंधारलेल्या खोलीत मन खाली जातं, ते शरीराचंच आहे, त्याला कमकुवतपणा म्हणू नका. पण इथे पाऊस थांबायची वाट बघत कुणी बसत नाही, हेही बघून घ्या. छत्री वाऱ्यात टिकत नाही. पँटसकट चांगला रेनकोट घ्या, प्लॅस्टिकच्या चपला घ्या, कागदपत्रं झिपच्या पिशवीत घाला, आणि सकाळी उजेडाचा अर्धा तास बाहेर काढा, भिजलात तरी. पुढच्या मे महिन्यातच घरातल्या गाद्या-चादरींना ऊन दाखवून ठेवा.

गणपती तोंडावर आले आहेत. त्या दिवसांत तुम्हाला सर्वांत एकटं वाटेल, आणि दार सर्वांत सताड उघडं असेल तेही तेव्हाच. चाकरमानी गावी येतात, ऑफिस अर्धं रिकामं होतं, सुट्टी नसलेल्या बाहेरच्या मुलांवर काम पडतं. गौरी-गणपतीला लातूरला जाणार असाल तर जा, घरचा सण सोडू नका. पण जाण्याआधी किंवा आल्यावर एक-दोन दिवस तरी इथले काढा. कुणी "आरतीला ये" म्हटलं तर ते तोंडदेखलं समजू नका. नारळ किंवा उदबत्तीचा पुडा घेऊन जा, आरती इथे लांबते, शेवटपर्यंत थांबा, प्रसाद घेऊन निघायची घाई करू नका. मोदक वळायला बसवलं तर बसा. पहिले चार फुटतीलच. शिमग्याचंही तसंच. पालखी घरोघर येते तो दिवस त्या वाडीचा असतो. बोलावलं तर जा, आणि मोबाईलवर चित्रण कमी करा.

"सगळे फार चौकशा करतात" ही तक्रार तुम्ही केलेली नाही, बहुतेक मुली करतात, म्हणून लिहिते. कुठल्या तुम्ही, आडनाव काय, लग्न ठरलंय का, घरी कोण कोण. लग्नाच्या प्रश्नाला "ठरलं की पेढे देईन" म्हणून विषय मिटवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण बाकीच्या चौकशीत माणूस तुम्हाला कुठेतरी बसवू पाहत असतो. तुम्ही उलट विचारा, "तुमचं मूळ गाव कुठलं? गणपतीला जाता का?" रत्नागिरीत राहणाऱ्या बहुतेकांचं मन लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागर अशा कुठल्यातरी वाडीतल्या घरात असतं. त्या घराबद्दल विचारलंत की समोरचा अर्धा तास बोलतो.

एक किंमत मात्र खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गाव लहान आहे. संध्याकाळी थिबा पॉइंटला कुणाबरोबर उभ्या होतात हे सकाळी ऑफिसात पोचलेलं असतं. मुलांपेक्षा मुलींना हे जास्त सोसावं लागतं, आणि ते अन्यायाचंच आहे. कुणी आवडलं तर या भीतीने मागे फिरू नका. फक्त दोन-तीन माणसांना आधीपासून विश्वासात घेऊन ठेवा, म्हणजे बाहेर बोलणं होईल तेव्हा तुम्ही एकट्या नसाल. ते दोघंतिघं बहुधा खानावळीतले किंवा तालमीतलेच असतील.

आता जागा. कुवारबाव ऑफिसला आणि रेल्वे स्टेशनला जवळ पडतं म्हणून तुम्ही ते घेतलंत, समजू शकते. पण संध्याकाळचं रत्नागिरी आहे मारुती मंदिर, माळनाका, शिवाजीनगर, खाली टिळक आळी, राम आळी या भागात. करार संपला की गावात या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. खालच्या मजल्यावर मालक राहतात अशी वरची खोली मिळाली तर उत्तम. बंधनं थोडी येतात, म्हणून ती आधीच बोलून घ्या: फाटक किती वाजता बंद होतं, आई आठ दिवस राहिली तर चालेल का, मित्रमंडळी आली तर काय. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी किती वेळ येतं ते शेजाऱ्यांना विचारा. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात इथे टंचाई होते.

"तोंडी चालतं हो इथे, कशाला कागद" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, ती ऑनलाइन होते. डिपॉझिट परत मिळायची वेळ येते तेव्हा हाच कागद कामाला येतो.

बदलीबद्दल. पावसात अर्ज करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये माणूस जो निर्णय घेतो तो पावसाबद्दलचा असतो, गावाबद्दलचा नसतो. दिवाळीनंतरची रत्नागिरी तुम्ही अजून पाहिलेलीच नाही; जानेवारीत आलात तेव्हा घर लावण्यात आणि काम शिकण्यात थंडी संपली. वर सांगितलेल्यातल्या दोनच गोष्टी धरा, मला विचाराल तर खानावळ आणि तालीम, आणि फेब्रुवारीत स्वतःला विचारा: आजारी पडले तर रात्री दहाला फोन करता येईल असं इथे कुणी आहे का? आहे, तर राहण्याचा विचार करा. मनापासून प्रयत्न करूनही नसेल, तर बिनदिक्कत बदली मागा. प्रत्येक गाव प्रत्येकाला मानवतं असं नाही, आणि त्यात हार-जीत काही नाही. ऑफिसातच कुणी त्रास देत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे फेब्रुवारीपर्यंत थांबायचं नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे.

आणि एक लक्षात ठेवा. सलग दोन आठवडे झोप उडाली असेल किंवा अंथरुणातून उठवतच नसेल, खाण्यावरची वासना गेली असेल, पुण्याच्या मैत्रिणींशीही बोलावंसं वाटत नसेल, तर तो एकटेपणा राहिलेला नाही, त्याला उपचार लागतो. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नको असा विचार एकदा जरी मनात आला तरी त्याच क्षणी फोन करा. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. त्या फाटकातून आत जाताना कुणी पाहील म्हणून थांबणारी मुलं मी पाहते आणि जीव तुटतो. ताप आल्यावर आपण दवाखान्यात जातोच ना, तसंच जा.

स्कूटी जरूर आणा. शहर बस रात्री लवकर विरळ होते आणि तालमीहून परतताना दर वेळी कुणावर अवलंबून राहणं बरं नाही. गाडी राज्यातलीच असल्यामुळे एमएच-२४ ची पाटी इथे चालते, पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. विमा आणि पीयूसी तेवढे चालू ठेवा. स्वतः चालवत घाट उतरू नका, ट्रान्सपोर्टने पाठवायला सांगा, आणि गणपतीनंतर मागवा, तोवर रस्त्यावरचा लाल चिखल थोडा कमी होईल. इथे सपाट रस्ता कमी आणि उतार फार. पाठवायच्या आधी लातूरलाच ब्रेक नीट करून घ्या, आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर दोन्ही बदला.